दीर्घिकांचे फोटो: छोटी दुर्बीण, साधा कॅमेरा आणि भरपूर वेळ

देवयानी दीर्घिका आकाशात सुमारे तीन अंश लांब पसरली आहे. पौर्णिमेचे सहा चंद्र ओळीने मांडले तर जेवढी जागा लागेल तेवढी. काळोख्या रात्री नुसत्या डोळ्यांना मात्र तिचा मधला धुरकट ठिपकाच दिसतो. बाकीची दीर्घिका तिथेच असते, पण तिचा उजेड आकाशाच्या स्वतःच्या उजेडात विरून गेलेला असतो. दीर्घिका टिपण्यातली सगळी झटापट या उजेडाशी आहे, आणि नवखा माणूस नेमका याच बाबतीत फसतो. तो मोठी दुर्बीण शोधत बसतो.

थोडा हिशोब करून बघू. अंशाचा साठावा भाग म्हणजे कला आणि कलेचा साठावा भाग म्हणजे विकला. आकाश किती उजळ आहे ते एका चौरस विकलेमागे किती प्रत (तेजस्वितेचं खगोलशास्त्रातलं माप) यावर मोजतात. आकडा जितका मोठा, तितकं आकाश काळं. अगदी काळोख्या जागेचं आकाश २२ प्रतीच्या आसपास भरतं, मोठ्या शहराचं १८ च्या. सप्तर्षीतल्या एम १०१ या दीर्घिकेची सरासरी याच मापात साधारण २३.७ येते. म्हणजे शहरातून फोटो काढताना दीर्घिकेचा एक फोटॉन येतो तेव्हा त्याच जागेवर आकाशाचे जवळपास दोनशे फोटॉन येऊन पडतात. काळोख्या जागी हेच प्रमाण एकाला पाचच्या आसपास असतं. दुर्बीण मोठी घेतली तर दोन्हीकडचे फोटॉन सारख्याच पटीने वाढतात, प्रमाण आहे तिथेच राहतं. १८ आणि २२ प्रतींतला फरक सुमारे ४० पट आहे. काळोख्या जागी एका तासात जेवढा स्वच्छ फोटो मिळतो, तेवढ्यासाठी शहरात ४० तास मोजावे लागतात.

म्हणून माझ्या लेखी क्रम असा: आधी आकाश, मग माउंट (दुर्बीण धरून आकाशाबरोबर फिरवणारा आधार), मग वेळ आणि शेवटी दुर्बीण. खालची सगळी पावलं याच क्रमाला धरून आहेत.

आधी दीर्घिका ठरवा

धूसर आकाशवस्तूंच्या मेसिएच्या यादीतल्या (नावातला 'एम' तिचाच) ११० नोंदींपैकी सुमारे ४० दीर्घिका आहेत. पहिलं वर्ष-दोन वर्षं त्या पुरून उरतात. पण निवड करताना यादीतली प्रत बघून भुलू नका. त्रिकोण तारकासमूहातल्या एम ३३ ची प्रत ५.७ आहे, आकडा वाचून वाटतं, किती तेजस्वी! तो उजेड एक अंशाहून जास्त लांबीवर पसरलेला असतो, त्यामुळे प्रत्यक्षात ती फार फिकी निघते. एम १०१ चंही तसंच. याउलट श्यामशबल समूहातली एम ५१ प्रतीने ८.४ आहे, पण जेमतेम ११ कलांत एकवटलेली असल्यामुळे थोड्या वेळात तिच्या भुजा उमटतात.

सुरुवात देवयानीपासून, म्हणजे एम ३१ पासून करावी. ती सापडायला सोपी, आणि एम ३२ व एम ११० या तिच्या सोबतिणी त्याच चौकटीत येतात. त्यानंतर सप्तर्षीतली एम ८१ आणि एम ८२ ही जोडी. दोघींमधलं अंतर अर्ध्या अंशाहून थोडंच जास्त आहे: एक सुबक सर्पिल, दुसरी आडवी, मधूनच फुटल्यासारखी. लांब फोकसची दुर्बीण असेल तर कन्या राशीतली एम १०४ घ्या, तिचा काळा धुळीचा पट्टा एकट्या फ्रेममध्येही दिसतो. लेन्स किंवा दुर्बीण रुंद दृष्टिक्षेत्राची असेल तर कन्या समूहातली मार्केरियनची साखळी घ्या. एका चौकटीत डझनभर दीर्घिका सहज येतात. दक्षिणेकडचं आकाश नीट दिसत असेल तर एनजीसी २५३ ही दीर्घिका चुकवू नका.

हंगामालाही कारण आहे. आपल्या आकाशगंगेच्या पट्ट्यात धूळ इतकी आहे की त्या दिशेला दूरचं काही दिसत नाही. मार्च ते मे या महिन्यांत संध्याकाळनंतर सिंह, कन्या, अरुंधती केश, सप्तर्षी वर असतात आणि आपली नजर त्या पट्ट्यापासून दूर, चकतीच्या बाहेर जाते. दीर्घिकांचा खरा हंगाम तो. एम ३१, एम ३३ आणि एनजीसी २५३ साठी सप्टेंबर ते डिसेंबर. अमावस्येच्या आगेमागे पाच-सहा रात्री धरा, आणि दीर्घिका क्षितिजापासून ३० अंशांच्या वर असेल तेवढेच तास मोजा. ३० अंशांवर तिचा उजेड डोक्यावरच्या मानाने दुप्पट हवेतून येतो.

चौकटीत ती किती मोठी दिसेल

सामान घेण्याआधी एकच गणित करा. कॅमेऱ्याच्या पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, त्याला २०६ ने गुणा, दुर्बिणीच्या मिलिमीटरमधल्या फोकल लेंग्थने भागा. एका पिक्सेलवर आकाशाच्या किती विकला येतात ते कळतं. ३.९ मायक्रॉनचे पिक्सेल असलेला २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी कॅमेरा आणि ५०० मिलिमीटरची दुर्बीण धरली तर उत्तर १.६ येतं. ६००० पिक्सेल रुंदीच्या फोटोत सुमारे २.७ अंश मावतात. देवयानी तिरकी बसवली तर जेमतेम येईल. त्याच चौकटीत एम ५१ फक्त ४१० पिक्सेल लांब असेल. फोटो कापून वापरावा लागेल, पण भुजा आणि शेजारची छोटी दीर्घिका नीट दिसेल.

एका पिक्सेलला १ ते २ विकला हे माप आरामाचं. बहुतेक रात्री हवेच्या थरथरीमुळे तारा २ ते ४ विकलांइतका फुगलेला असतो, त्यामुळे त्याहून बारीक मापात नवीन तपशील मिळत नाही. मिळतात ते फक्त माउंटचे दोष, मोठे होऊन. २००० मिलिमीटरच्या श्मिट-कॅसग्रेन दुर्बिणीवर हाच कॅमेरा लावला तर माप ०.४ विकला येतं. ग्रह बघायला ती दुर्बीण उत्तम आहे, पण दीर्घिकांची सुरुवात तिच्यावर करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

माउंटवर हात आखडू नका

आकाश दर सेकंदाला १५ विकला सरकतं. वरच्या मापात माउंट बंद ठेवला तर तारा सेकंदाला नऊ पिक्सेल पळेल. पाच मिनिटं त्याला एकाच जागी धरून ठेवणं हे दुर्बिणीचं काम नाही, माउंटचं आहे. म्हणून इक्वेटोरियल माउंट हवा, म्हणजे ज्याचा एक अक्ष खगोलीय ध्रुवाकडे रोखलेला असतो असा. वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणारा माउंट ताऱ्याचा पाठलाग करतो खरा, पण चौकट हळूहळू गोल फिरत राहते आणि कडेचे तारे कमानीसारखे ओढले जातात. तसाच माउंट हाताशी असेल तर १५ ते ३० सेकंदांच्या भरपूर फ्रेम घेऊन देवयानीचा चांगला फोटो निघू शकतो. लांब एक्सपोजरचा नाद मात्र सोडावा लागेल.

माउंटची क्षमता जितकी छापलेली असते तिच्या निम्म्यावर थांबा. त्यात दुर्बीण, कॅमेरा, गायड दुर्बीण (एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटला सुधारत राहणारी छोटी दुर्बीण; यालाच गायडिंग म्हणतात), कंस, केबल सगळं धरा. स्वस्त माउंटच्या दातेरी चाकांमुळे तारा काही मिनिटांच्या चक्रात पुढे-मागे डोलतो. हा दोष कित्येक विकलांचा असतो, पण तो ठरावीक लयीत होत असल्यामुळे गायडिंगने आवरता येतो. सैल बोल्ट, लोंबकळणारी केबल आणि वारा यांना लय नसते. त्यांच्यावर इलाज हातानेच करायचा.

दुर्बिणीत ६० ते ८० मिलिमीटरची ईडी काचेची अपवर्तक (भिंगाची दुर्बीण), फोकल लेंग्थ ३५० ते ५००, हा सगळ्यात कमी त्रासाचा पर्याय. १३० किंवा १५० मिलिमीटरची एफ/५ न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण) तेवढ्याच पैशांत जास्त उजेड गोळा करते, पण तिचे आरसे दर वेळी जुळवावे लागतात आणि कडेच्या ताऱ्यांना शेपट्या फुटू नयेत म्हणून कोमा करेक्टर लागतो. न्यूटोनियन घेण्याआधी कॅमेऱ्यावर फोकस येतो का ते विचाराच. नुसत्या डोळ्यांनी बघण्यासाठी बनवलेल्या कित्येक दुर्बिणींत फोकसर पूर्ण आत ढकलला तरी प्रतिमा सेन्सरपर्यंत पोहोचत नाही. दिवसा लांबच्या मनोऱ्यावर तपासता येतं. मनोऱ्यावर फोकस आल्यावर फोकसर अजून थोडा आत जायला जागा उरली पाहिजे, कारण ताऱ्यांसाठी तो आणखी आत न्यावा लागतो.

कॅमेरा लेन्स काढून टी-रिंगने (जोडणीच्या कड्याने) थेट दुर्बिणीला जोडायचा. आयपीस (डोळ्याला लावायचं भिंग) मध्ये येत नाही. फ्लॅटनर (कडेच्या ताऱ्यांचा आकार सुधारणारं भिंग) किंवा करेक्टर वापरत असाल तर त्याच्यापासून सेन्सरपर्यंतचं अंतर उत्पादकाने सांगितलं असेल तेवढंच ठेवा. बहुधा ते ५५ मिलिमीटर असतं. डीएसएलआरला नेहमीची टी-रिंग लावली की ते आपोआप जुळतं. मिररलेस कॅमेऱ्याचा सेन्सर लेन्स बसते त्या कड्याच्या जवळ असल्याने त्याला लांब टी-रिंग लागते.

कॅमेऱ्यातला फिल्टर काढून घ्यावा का, असं बरेच जण विचारतात. तेजोमेघांसाठी फायदा होतो, कारण साधा कॅमेरा ६५६ नॅनोमीटरचा हायड्रोजनचा लाल उजेड बराचसा अडवतो. दीर्घिकांचा उजेड मुख्यतः ताऱ्यांचा, म्हणजे सगळ्या रंगांत पसरलेला असतो. न बदललेला कॅमेरा त्याला पुरतो. फार तर भुजांमधले गुलाबी ठिपके आणि एम ८२ मधून बाहेर फेकले जाणारे लाल झोत फिके येतील. याच कारणाने शहरातून तेजोमेघ टिपायला वापरतात ते दोन अरुंद पट्ट्यांचे फिल्टर दीर्घिकांना उपयोगी पडत नाहीत. आकाशाबरोबर दीर्घिकाही कापली जाते. अपवाद आहेत. देवयानीच्या शेजारचा ऑक्सिजनचा अवाढव्य कमानीसारखा मेघ हौशी छायाचित्रकारांनीच अरुंद पट्ट्याच्या फिल्टरने शोधला आणि २०२३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यांनी कित्येक रात्रींची फ्रेम एकत्र केली होती.

रात्रीची तयारी

उजेड असतानाच मांडणी करा. तिपाई घट्ट जमिनीवर, पाय फार लांब न काढता, आडवी पातळी बघून. दुर्बीण बाहेर काढून अर्धा-पाऊण तास हवेत निवू द्या. आरशाच्या दुर्बिणीला जास्त. कॅमेरा, गायडर आणि दव रोखणारी हीटरची पट्टी लावूनच तोल साधा, आधी तोल आणि मग सामान असं नको. पूर्वेकडची बाजू किंचित जड ठेवली की चाकांचे दाते एकमेकांना टेकून राहतात.

मग माउंटचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे वळवा. ध्रुवतारा खुद्द ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्त लांब आहे, त्यामुळे त्याला पोलर स्कोपच्या मधोमध आणून भागत नाही; त्या वेळी तो वर्तुळावर कुठे हवा ते फोनवरच्या ॲपमध्ये बघून तिथे बसवायचा. ध्रुवतारा झाडाआड असेल तर ड्रिफ्ट पद्धत आहे. दक्षिणेला, खगोलीय विषुववृत्ताजवळ, याम्योत्तरावरचा (उत्तर-दक्षिण जाणाऱ्या, डोक्यावरच्या रेषेवरचा) तारा घ्या आणि तो उत्तर-दक्षिण सरकतो का ते बघा. सरकला तर माउंट डावीकडे-उजवीकडे फिरवा. मग पूर्वेच्या क्षितिजावरचा एखादा तारा घेऊन तसंच, या वेळी उंची बदलून. कोणत्या बाजूला फिरवायचं ते एकदा हलवून बघितलं की कळतं.

आता फोकस. सगळ्या रात्रीचा निकाल इथे लागतो. दुर्बिणीच्या तोंडावर बाख्तिनोव्ह मास्क (फोकस तपासायची फटींची जाळी) लावा, एखादा ठळक तारा मध्यभागी आणा, लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करा. ताऱ्याला तीन रेघा फुटलेल्या दिसतील: दोन एकमेकींना छेदणारा फुलीचा आकार करतात आणि तिसरी त्यांच्यामधून जाते. फोकस चुकलेला असताना मधली रेघ एका बाजूला झुकलेली असते. फोकसर अगदी हळू फिरवा. रेघ फुलीच्या केंद्राकडे सरकते, केंद्र ओलांडून पलीकडे जाते, मग थोडं मागे यावं लागतं. तीनही रेघा एका बिंदूतून गेल्या की थांबा आणि फोकसरचा स्क्रू आवळा. आवळताना रेघ पुन्हा हलते! हा आवळण्याचा हिसका लक्षात घेऊन आधीच तेवढी सूट ठेवायची. नंतर पाच सेकंदांचा फोटो काढून तो स्क्रीनवर मोठा करून बघा, लाइव्ह व्ह्यूवर विसंबू नका. रात्र गार होत जाते तसा फोकस सरकतो, म्हणून तासाभराने पुन्हा मास्क लावायचा. मास्क काढायची आठवण राहावी म्हणून त्याला चमकदार पट्टी बांधून ठेवली तर बरं.

दीर्घिका चौकटीत आणायला आता प्लेट सॉल्व्हिंग सगळ्यात सोपं. लॅपटॉपवरचा प्रोग्रॅम एक छोटा फोटो घेतो, ताऱ्यांची मांडणी ओळखतो आणि दुर्बीण नेमकी कुठे रोखली आहे ते सांगून उरलेलं अंतर भरून काढतो. ते नसेल तर सर्वांत जास्त आयएसओवर दहा सेकंदांचे फोटो काढत, तारानकाशाशी ताडत पुढे जायचं. कॅमेरा फिरवून दीर्घिकेची लांब बाजू चौकटीच्या लांब बाजूशी जुळवा आणि तो कोन टिपून ठेवा.

एक्सपोजर

कॅमेरा पूर्ण मॅन्युअलवर, फाइल रॉ, शटर बल्ब (हवं तितका वेळ उघडं राहणारं), सोबत इंटरव्हॅलोमीटर (ठरावीक वेळेने शटर चालवणारं रिमोट). लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन बंद, नाहीतर निम्मी रात्र कॅमेरा झाकण लावल्यासारखे काळे फोटो काढण्यात घालवेल. आयएसओ ८०० किंवा १६००. आयएसओ वाढवून दीर्घिकेचा उजेड वाढत नाही, ताऱ्यांचे रंग मात्र लवकर करपतात.

एक फ्रेम किती सेकंदांची, याचं उत्तर हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) देतो. आकाशाची टेकडी डाव्या कडेपासून सुटून साधारण पाव ते एक तृतीयांश अंतरावर यावी. एवढं झालं की कॅमेऱ्याचा स्वतःचा वाचनदोष (सेन्सर वाचताना मिसळणारी खरखर) आकाशाच्या उजेडापुढे नगण्य ठरतो, त्यापुढे फ्रेम लांबवून काही हाती लागत नाही. एफ/५ किंवा एफ/६ वर काळोख्या जागी तीन ते पाच मिनिटं, उपनगरात एक-दोन मिनिटं, शहरात तीस-साठ सेकंद, असा अंदाज धरून सुरुवात करा. देवयानीचा गाभा लांब फ्रेममध्ये पांढराफटक होतो. तिच्यासाठी १५-३० सेकंदांच्या वीसेक फ्रेम वेगळ्या घ्या.

एकूण वेळेला मात्र पर्याय नाही. खरा उजेड आणि खरखर यांचं प्रमाण वेळेच्या वर्गमुळाने सुधारतं. एका तासाचे चार तास केलेत तर फोटो दुप्पट स्वच्छ होतो, पुन्हा दुप्पट हवा असेल तर सोळा तास. एका रात्रीत तीन दीर्घिका उरकण्यापेक्षा तीन रात्री एकाच दीर्घिकेला द्याव्यात, हे यावरूनच ठरतं. उपनगरातून एम ५१ ला चार तासांखाली हात घालू नका, एम १०१ ला त्याच्या कित्येक पट.

दोन मिनिटांच्या पुढे जायचं तर ऑटोगायडर जोडा. छोटी दुर्बीण, छोटा कॅमेरा आणि पीएचडी २ हा मोफत प्रोग्रॅम एक तारा पकडून माउंटला सतत सुधारत राहतो. गायडिंगमधल्या चुकांची सरासरी तुमच्या पिक्सेलच्या मापाहून कमी असली की पुरे. आलेख सरळ रेषेसारखा दिसावा म्हणून रात्रभर आकडे बदलत बसणारे लोक फोटो कमी आणि आलेख जास्त काढतात. गायडर आहे म्हणजे डिदरिंग चालू करा: दर दोन-तीन फ्रेमनंतर दुर्बीण काही पिक्सेल मुद्दाम इकडेतिकडे सरकवायची. सेन्सरवरचे गरम पिक्सेल (उजेड नसतानाही चमकणारे) दर वेळी ताऱ्यांच्या मानाने वेगळ्या जागी पडतात आणि जुळणीत गळून जातात. हे केलं नाही तर ते सगळे एका दिशेने ओघळल्यासारख्या रेघा बनून दीर्घिकेच्या फिक्या भागावर उमटतात आणि मग कशानेच जात नाहीत.

पहिल्या तीन-चार फ्रेम कोपऱ्यांपर्यंत मोठ्या करून तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. तारे कसे बिघडले आहेत यावरून दोष ओळखता येतो. सगळीकडे एकाच दिशेला ओढलेले असतील तर माउंट किंवा गायडिंग. फक्त कोपऱ्यांत, केंद्रापासून बाहेरच्या दिशेने ओढलेले असतील तर फ्लॅटनरचं अंतर चुकलं आहे. एकाच कोपऱ्यात बिघाड असेल तर कॅमेरा तिरका बसलाय. एका बिंदूभोवती कमानी दिसत असतील तर ध्रुवाची जुळणी ढिली आहे. गायडिंगचा आलेख चांगला, तरी तासाभरात तारे हळूहळू सरकतात असं दिसलं तर गायड दुर्बीण मुख्य दुर्बिणीच्या मानाने वाकते आहे. कंस घट्ट करा. जर्मन पद्धतीच्या माउंटवर दीर्घिका याम्योत्तर ओलांडते तेव्हा दुर्बीण उलट्या बाजूला न्यावी लागते. ती वेळ आधी बघून ठेवा, नाहीतर कॅमेरा तिपाईवर आदळतो.

डार्क, फ्लॅट, बायस

दुर्बीण आणि सेन्सरचे दोष फोटोतून काढण्यासाठी घेतलेल्या या जादा फ्रेम. यातलं एकच करणार असाल तर फ्लॅट करा, म्हणजे सारख्या उजळ पांढऱ्या पृष्ठभागाचे फोटो. दीर्घिकेची कडा आकाशापेक्षा एखाद-दोन टक्केच उजळ असते आणि दुर्बिणीच्या कोपऱ्यांतला अंधार त्याहून कितीतरी जास्त असतो; तो काढल्याशिवाय कडा ओढून बाहेर काढता येत नाही. फोटो संपल्यावर फोकस आणि कॅमेऱ्याचा कोन अजिबात न हलवता, दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं कापड ताणून समोर टॅब्लेटचा पांढरा पडदा धरा. आयएसओ तोच ठेवा. हिस्टोग्राम मधोमध येईल एवढं एक्सपोजर, पंचवीस-तीस फ्रेम. सेन्सरवरच्या धुळीची गोल वर्तुळंही यानेच जातात.

बायस म्हणजे झाकण लावून सर्वांत वेगवान शटरच्या तेवढ्याच फ्रेम. डार्क झाकण लावून, मूळ फ्रेमइतक्याच वेळेच्या, त्याच आयएसओच्या आणि त्याच तापमानाच्या हव्यात. डीएसएलआरला थंड करायची सोय नसल्याने तापमान जुळवणं अवघड. जुळत नसेल आणि डिदरिंग नीट केलं असेल तर डार्क सोडून द्या, बायस आणि फ्लॅट पुरतात. चुकीच्या तापमानाचे डार्क फोटो बिघडवतात.

संगणकावर

सिरिल हा मोफत प्रोग्रॅम पुरेसा आहे. चार फोल्डरमध्ये फाइल टाकल्या की त्याची तयार स्क्रिप्ट सगळं जुळवून एक फाइल देते. त्याआधी ढगाच्या, हललेल्या फ्रेम काढून टाका. उपग्रहाची किंवा विमानाची रेघ आलेली फ्रेम फेकू नका. पुरेशा फ्रेम असतील तर सिग्मा क्लिपिंग (बाकी फ्रेमशी न जुळणारे पिक्सेल वगळण्याची पद्धत) ती रेघ गाळून टाकतं. हाती आलेली फाइल जवळजवळ काळी दिसेल. घाबरायचं कारण नाही, उजेड आहे, तो ताणलेला, म्हणजे डोळ्यांना दिसेल इतका वाढवलेला नाही इतकंच. प्रोग्रॅमच्या ऑटोस्ट्रेच दृश्यात ती बघा, पण अजून कायमची ताणू नका.

कडा कापा. मग पार्श्वभूमी. दीर्घिकेचा फोटो बहुतांशी इथेच बिघडतो. प्रोग्रॅम फोटोभर छोटे चौकोन पेरतो आणि तिथल्या उजेडावरून आकाशाचा उतार ठरवून तो वजा करतो. दीर्घिकेवर किंवा तिच्या फिक्या कडेवर एखादा चौकोन राहिला, तर ती कडाच आकाश समजून वजा होते आणि दीर्घिकेभोवती काळं वलय उमटतं. म्हणून फोटो जास्तीत जास्त ताणून बघा, कडा कुठपर्यंत जाते ते ठरवा आणि तिथपासून दीर्घिकेच्या अर्ध्या रुंदीइतकं अंतर सोडून आतले सगळे चौकोन हाताने पुसा. पहिल्या घाताचा साधा उतार आधी काढा. वाकडातिकडा उतार काढणारे जास्त घात दीर्घिकेला खातात. देवयानीने चौकट भरलेली असेल तर चार कोपऱ्यांतले चौकोनच ठेवा.

त्यानंतर रंग. ताऱ्यांचे खरे रंग गाया उपग्रहाच्या नोंदीतून घेऊन फोटो जुळवण्याची सोय सिरिलमध्ये आहे. ती वापरा आणि रंगाचे पट्टे डोळ्यांच्या अंदाजाने सरकवू नका. नीट जुळलेल्या फोटोत गाभा पिवळसर येतो, कारण तिथे जुने तारे आहेत. भुजा निळसर, कारण तिथे नवे, तापलेले तारे आहेत. सगळी दीर्घिका जांभळी दिसत असेल तर पार्श्वभूमीकडे परत जा.

आता ताणणं. एका झटक्यात नको. थोडं ताणा, गाभा पांढरा होत नाही ना बघा, पुन्हा थोडं. सामान्यीकृत हायपरबोलिक स्ट्रेच या साधनात कोणत्या उजेडाच्या पातळीवर जोर द्यायचा ते ठरवता येतं. तो बिंदू आकाशाच्या किंचित वर ठेवला की भुजा उठतात आणि गाभा शाबूत राहतो. आकाश पूर्ण काळं करू नका. गडद राखाडी राहू द्या, फिक्या कडा त्यातच असतात. खरखर कमी करणारी आणि धार आणणारी साधनं हलक्या हाताने. पृष्ठभाग मेणासारखा गुळगुळीत दिसू लागला की एक पाऊल मागे या.

फोटो झाल्यावर

१८८८ मध्ये आयझॅक रॉबर्ट्स यांनी २० इंची परावर्तक दुर्बिणीतून घेतलेल्या फोटोत देवयानीची सर्पिल रचना दिसली. त्या वेळी ती आपल्याच आकाशगंगेतला तेजोमेघ समजली जात होती. १९२३ मध्ये एडविन हबल यांना माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीतून घेतलेल्या काचेवर तिच्यातला सेफिड तारा (ज्याच्या उजेडाच्या चढउतारावरून अंतर काढता येतं असा) सापडला आणि ती आकाशगंगेच्या फार बाहेर असल्याचं ठरलं. आजचा छोटा सेन्सर त्या काचांपेक्षा कितीतरी जास्त उजेड पकडतो. त्यामुळे फोटो नुसता टांगून ठेवू नका, त्यात शोधा. मुख्य दीर्घिकेच्या मागे लांबट, धूसर ठिपके दिसतात. तारे गोल असतात, हे नसतात. प्लेट सॉल्व्ह केलेल्या फोटोवर नावं टाकली की त्यातले कित्येक यादीतल्या दूरच्या दीर्घिका निघतात.

दुसरं म्हणजे अतिनवतारे, स्फोट होऊन अचानक उजळणारे तारे. एम ५१ मध्ये १९९४, २००५ आणि २०११ असे तीन अतिनवतारे दिसले. एम १०१ मधला २०२३ चा अतिनवतारा १९ मे रोजी जपानच्या कोइची इतागाकी या हौशी निरीक्षकांनी कळवला, आणि मग इतरांना आदल्या रात्रीच्या स्वतःच्या फोटोंतही तो सापडला. त्यांनी फोटो काढला होता, बघितला नव्हता. म्हणून एकाच दीर्घिकेचा नवा फोटो जुन्याशेजारी ठेवून ताडा. नवीन ठिपका दिसला तर तो प्रत्येक फ्रेममध्ये, ताऱ्यांच्या मानाने त्याच जागी आहे का ते तपासा. सरकत असेल तर लघुग्रह किंवा गरम पिक्सेल, एकाच फ्रेममध्ये असेल तर वैश्विक किरण. दुसऱ्या रात्रीही तिथेच असेल तर आंतरराष्ट्रीय खगोलीय संघाच्या ट्रान्झियंट नेम सर्व्हरवर त्या जागेची आधीच नोंद झाली आहे का बघा, नसेल तर स्वतः करा.

रॉ फाइल आणि त्यांचे फ्लॅट पुसू नका. पुढच्या हंगामात त्याच कोनात कॅमेरा लावून घेतलेले तास यातच मिळवता येतात.